ईव्हनिंग प्रिमरोज: ही तीन झाडं एकच की तीन वेगळी?

मर्सीकाठचा | १९ जुलै, रात्री ११:४२

मंडळी, निसर्ग विभागात हा माझा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

लिव्हरपूलच्या उत्तरेला फॉर्म्बी ते एन्सडेल असा वाळूच्या टेकड्यांचा लांबलचक किनारा आहे. आज लेकीला लाल खारी दाखवायच्या म्हणून फ्रेशफील्ड स्टेशनला उतरलो. खारींनी काही दर्शन दिलं नाही. पण परतताना टेकड्यांच्या मागच्या अंगाला पिवळी फुलं उमलताना दिसली. उमलताना म्हणजे अक्षरशः डोळ्यांदेखत. इथे सध्या सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. तेव्हा कळी फुगते, बाहेरची आवरणं फटकन मागे उलटतात आणि पीळ घातलेल्या चार पाकळ्या मिनिटभरात सुटून सपाट होतात. लेक ओरडलीच, "बाबा, ते हललं!" ठाण्याला आमच्या चाळीत ब्रह्मकमळ उमलायचं त्या रात्री अख्खा मजला कुंडीभोवती जमायचा, त्याची आठवण झाली.

हे ईव्हनिंग प्रिमरोज, एवढं घरी येऊन कळलं. अडलंय पुढे. एकाच वाटेवर तीन प्रकार दिसले:

अ) माझ्या उंचीचं. फूल बशीएवढं, कळ्या लालसर.
ब) कमरेएवढं. फूल बरंच लहान, कळ्या हिरव्यागार.
क) फूल लहान 'ब'सारखं, पण कळ्यांवर 'अ'सारखे लाल पट्टे.

मोबाइलच्या ॲपने तिन्हींना 'ईनोथेरा बिएनिस' म्हणून सांगितलं. तिन्ही खरंच एक असतील का? फोटो चिकटवले आहेत. अंधारात काढलेत, हसू नका.

---

चिवडाप्रेमी | २० जुलै, सकाळी ६:१५

प्रिमरोज ऑइलच्या कॅप्सूल मिळतात त्या याच झाडाच्या का? आमच्या सौ. दोन वर्षं घेत होत्या. फरक फक्त पाकिटाला पडला.

---

कार्डिफची_काकू | २० जुलै, दुपारी १:०५

चिवडाप्रेमी, हो, त्याच. बियांच्या तेलात गॅमा-लिनोलेनिक आम्ल असतं, त्यासाठी याची शेतीही करतात. इसबावर म्हणून इथे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायचं. उपयोग होतो असा पुरावा पुरेसा नाही म्हणून २००२ साली तो परवाना काढून घेतला. सौंना तसं सांगा, किंवा नका सांगू.

आता मर्सीकाठचे, तुमच्याकडे वळते. गेली बरीच वर्षं मी वेल्सच्या किनाऱ्यावर रानफुलांच्या नोंदी करायला जाते, त्यामुळे या पिवळ्या बयांनी मला भरपूर छळलंय. आधी ॲप बाजूला ठेवा. ॲप फुलाचा समोरून काढलेला फोटो बघतं, आणि या गटात समोरून बघून काही म्हणजे काही कळत नाही. चार पिवळ्या पाकळ्या सगळ्यांनाच असतात. खुणा मागे, खाली आणि आत आहेत.

पहिली जागा खोड. त्यावर लांब केस असतात. काही झाडांत प्रत्येक केसाच्या बुडाशी लाल फुगीर ठिपका असतो, कुणी लाल शाईच्या पेनाने टिंबं दिल्यासारखा. काहींत केस असतात पण ठिपके नसतात. हे बघायचं ते खोडाच्या *हिरव्या* भागावर. उन्हाने खोड लाल झालेलं असेल तिथे ठिपके हरवतात आणि माणूस "नाहीत" असं लिहून मोकळा होतो. मी लिहिलंय तसं, एकदा नाही.

दुसरी जागा कळीची निदलं, म्हणजे तुम्ही म्हणता ती मागे उलटणारी आवरणं, आणि त्यासोबत तुऱ्याचा शेंडा. लाल की हिरवा?

तिसरी जागा फुलाच्या आत. आठ पुंकेसर, त्यांच्या टोकाला परागांच्या पिशव्या म्हणजे परागकोश, आणि मध्ये पराग झेलणारी चार फाट्यांची कुक्षी, अधिकचं चिन्ह असतं तशी. ती परागकोशांच्या वर डोकं काढून उभी आहे, की त्यांच्याच गर्दीत बसली आहे?

पाकळीचं माप सगळ्यात शेवटी. आणि तेही ताज्या फुलाचं, हंगामाच्या भरात. सप्टेंबरात शेंड्याला येणारी फुलं सगळ्यांचीच बारकी असतात.

आता जुळवा. (पहिलं नाव सगळ्यांचं ईनोथेराच.) कुक्षी वर, पाकळ्या ३ ते ५ सेंमी, निदलं लाल, खोडावर लाल ठिपके: ग्लाझिओव्हियाना. कुक्षी परागकोशांच्या पातळीत, पाकळ्या ३ सेंमीच्या आत, कळ्या हिरव्या, खोडावर ठिपके नाहीत: बिएनिस. बाकी सगळं बिएनिससारखंच पण खोडावर लाल ठिपके: कॅम्ब्रिका. ही आमची. कॅम्ब्रिया म्हणजे वेल्स. १९७७ मध्ये रोस्टान्स्की नावाच्या पोलिश वनस्पतितज्ज्ञांनी तिला वेगळी प्रजाती म्हणून नाव दिलं.

चौथी स्ट्रिक्टा, दक्षिण अमेरिकेतली. तिची पानं अरुंद, फुलाला वास गोड, सुकताना पाकळ्या लालसर होतात आणि बोंड टोकाकडे जाड होत जातं. ती दिसली तर गोंधळ होणार नाही. गोंधळ आहे तो पहिल्या तिघींत.

तुमचा 'अ' फोटोवरूनही ग्लाझिओव्हियाना वाटतोय. 'ब' आणि 'क'साठी पुन्हा जावं लागेल. भिंग घेऊन जा. दहापट मोठं दिसणारं पुरे.

---

मिनेसोटा_मोगरा | २० जुलै, रात्री ८:३०

वा काकू! आमच्याकडे बिएनिस मूळची, रस्त्याच्या कडेला तण म्हणून उभी असते. कुणी वळूनही बघत नाही. तुमच्याकडे पाहुणी म्हणून गेली आणि धागे निघाले.

इथे आमची वेगळीच पंचाईत. बिएनिसच्या जोडीला विलोसा आणि पार्विफ्लोरा. विलोसाचं सोपं आहे: अंगभर करडे, खोडाला चिकटून बसलेले केस, त्यामुळे लांबूनच झाड राखाडी दिसतं. पार्विफ्लोराची खूण मात्र मला फार आवडते. कळीच्या टोकाला निदलांच्या चार शेपट्या असतात. बिएनिसमध्ये त्या अगदी टोकातून, एकमेकींना चिकटून निघतात, चिमटीत धरलेल्या वातींसारख्या. पार्विफ्लोरात त्या टोकाच्या जरा खालून निघतात, म्हणून बुडाशीच फाकलेल्या असतात आणि मध्ये फट दिसते. एकदा दिसली की मग चालत्या गाडीतूनही दिसते. (गाडी मिस्टर चालवत असतात.)

---

झब्बू | २० जुलै, रात्री ९:१०

एवढं केसांचं बुड बघत बसायचं? पिवळं आहे, छान आहे, पुढे चला की.

---

पानलवंग | २१ जुलै, सकाळी ७:५०

झब्बू, तुम्ही पुढे व्हा, आम्ही येतोच मागून.

मर्सीकाठचे, धागा वाचून मन भरलं. मी पुण्यात तीसेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण ही फुलं मोकळ्या रानात कधी पाहिली नाहीत. आपल्याकडे या कुळातली ईनोथेरा रोझिया, ती गुलाबी, निलगिरीत आणि हिमालयात रानटी झालेली आहे. उटीला सहलीत मुलांना दाखवायचे. ती दिवसाही उघडी असते.

महाराष्ट्रात या कुळाचं तोंड बघायचं तर भातखाचरात उतरावं लागतं. माझं टोपणनाव तिथलंच. पाणलवंग, कुणी पानलवंग म्हणतं. लुडविजिया. जुन्या पुस्तकांत तिला जुसिया म्हणत, आणि शिंगाडाही याच कुळात बसवलेला असे. पिवळी चार पाकळ्यांची फुलं, खाली लवंगेसारखं लांबट बोंड. आणि फसवणूक अगदी तुमच्यासारखीच. ऑक्टोव्हाल्विस, हिसोपिफोलिया, पेरेनिस या तिघी एकाच बांधावर असतात आणि विद्यार्थी तिघींना एकच नाव देतात. मी सांगायचे, पुंकेसर मोजा. चार आले तर पेरेनिस. आठ आले तर बोंड बघा. हिसोपिफोलियाचं बोंड वरच्या भागात फुगलेलं असतं. ते उभं चिरलं की आत गंमत आहे: वरच्या भागात बारीक बिया कित्येक ओळींत मोकळ्या, खालच्या भागात एकेका ओळीत, प्रत्येक बी आपापल्या कोंदणात घट्ट. एकाच बोंडात दोन तऱ्हांच्या बिया! एक मुलगा म्हणाला होता, "मॅडम, वर जनरल डबा, खाली रिझर्व्हेशन."

एक विचारते. बारावीच्या पुस्तकात डच वनस्पतितज्ज्ञ ह्यूगो डी व्रीज आणि ईव्हनिंग प्रिमरोज अशी एक ओळ असते. उत्परिवर्तनाचा सिद्धांत. मीही ती ओळ वर्षानुवर्षं सांगितली. ते झाड या तिघींपैकी कोणतं?

---

येनावासी | २१ जुलै, दुपारी ४:२२

पानलवंग मॅडम, ते झाड म्हणजे मर्सीकाठच्यांचं 'अ'!

१८८६ साली डी व्रीजना हॉलंडमध्ये हिल्व्हरसमजवळ बटाट्याच्या एका ओसाड शेतात ही झाडं माजलेली दिसली. तेव्हा नाव होतं लामार्कियाना, आता त्याच झाडाला ग्लाझिओव्हियाना म्हणतात. त्यांनी ती ॲम्स्टरडॅमच्या बागेत आणून पिढ्यान्‌पिढ्या वाढवली. अधूनमधून एखादं रोप भलतंच निघायचं. एक बुटकं, त्याला नाव दिलं नानेला. एक दांडगं, ते गिगास. त्यांना वाटलं, नवी प्रजाती अशी एका उडीत जन्मते, आणि १९०१ ते १९०३ मध्ये त्यांनी दोन जाडजूड खंड लिहिले. पुढे कळलं, गिगासमध्ये गुणसूत्रांची संख्याच दुप्पट झालेली, चौदाची अठ्ठावीस. बाकीच्या बऱ्याच 'उड्या' या झाडाच्या विचित्र घरव्यवस्थेतून आलेल्या. सिद्धांत त्या रूपात टिकला नाही. पण ती घरव्यवस्था मात्र तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

एरवी आईकडची आणि वडिलांकडची गुणसूत्रं जोडीजोडीने बसतात आणि पुढच्या पिढीत जाताना पत्ते पिसल्यासारखी मिसळतात. ईनोथेराच्या या गटात तसं होत नाही. गुणसूत्रांचे तुकडे पूर्वीच इकडचे तिकडे झालेले असल्याने जोड्या जुळत नाहीत. ती टोकाला टोक लावून कडं करतात. काहींत चौदाच्या चौदा एका कड्यात, काहींत दोन कडी. तुमच्या 'अ'मध्ये बाराचं कडं आणि एक सुटी जोडी. परिणाम असा की सात आईकडची एकगठ्ठा एका बाजूला, सात वडिलांकडची एकगठ्ठा दुसऱ्या बाजूला. लग्नात दोन वऱ्हाडं यावीत आणि कुणी आपली पंगत सोडून दुसरीत बसूच नये, तसं.

पुढची गोम: दोन्हीकडून एकच गठ्ठा आला तर बी जगत नाही. म्हणून ग्लाझिओव्हियानाच्या जवळपास निम्म्या बिया फोल निघतात. जगतात त्या सगळ्या आईसारख्याच, एक इकडचा एक तिकडचा गठ्ठा असलेल्या. बिएनिसमध्ये तर वाटणी आणखी ठरलेली आहे, एक गठ्ठा मुख्यतः बीजांडातून जातो, दुसरा परागातून. जर्मन वनस्पतितज्ज्ञ ओटो रेनर यांनी १९१७ च्या सुमारास हे उलगडलं. गठ्ठ्यांना त्यांनी नावंही दिली. बिएनिसचे अल्बिकन्स आणि रुबेन्स, लामार्कियानाचे वेलान्स आणि गाउडेन्स. रेनर पुढे बरीच वर्षं आमच्या येनाच्या विद्यापीठात होते, म्हणून एवढा उमाळा.

आता टेकड्यांवर या. तिथे 'अ' आणि 'ब' शेजारी उभी आहेत. पतंगाने 'ब'चे पराग 'अ'वर टाकले. संकर झाला. इतर वनस्पतींत संकराची पिलावळ वेडीवाकडी निघते आणि ओळखू येते. इथे संकर भावंडं एकदोन ठरावीक साच्यांचीच निघतात, *आणि पुढेही तशीच राहू शकतात*. आई कोण नि बाप कोण हे उलटं केलं तर पुन्हा वेगळंच रूप. म्हणजे प्रत्येक किनाऱ्यावर स्वतःचा एकेक स्थिर नमुना तयार होतो. युरोपातल्या काही तज्ज्ञांनी अशा प्रत्येक नमुन्याला प्रजाती म्हणून नाव दिलं, तर १९९७ मध्ये डिट्रिच, वॅग्नर आणि रेव्हन यांनी बरेचसे नमुने मोजक्या प्रजातींत गुंडाळले. मी गुंडाळणाऱ्यांच्या बाजूचा आहे. काकू रागावतील.

---

कार्डिफची_काकू | २१ जुलै, संध्याकाळी ६:४०

रागावते तर! गुंडाळायला काय लागतं, सतरंजीही गुंडाळता येते. कागदावर कॅम्ब्रिकाला कशातही घाला, पण ठिपके असलेलं हिरव्या कळ्यांचं झाड मला एका टेकडीमागून दुसऱ्या टेकडीवर तसंच्या तसं भेटतं. माझ्या वहीत तिला स्वतःचा रकाना मिळणार.

बाकी तुमचं वऱ्हाड फार आवडलं. आणि त्यावरूनच मर्सीकाठच्यांना सांगते, 'क' बहुधा तोच संकर असणार, ग्लाझिओव्हियाना आणि बिएनिसचा. इथे त्याला फॅलॅक्स म्हणतात. लॅटिनमध्ये फॅलॅक्स म्हणजे फसवा. आईच्या वळणाचे लाल ठिपके आणि लाल कळ्या, वडिलांच्या वळणाचं लहान फूल आणि आखूड कुक्षी. पण खोड बघितल्याशिवाय लिहू नका.

---

कानसूर | २१ जुलै, रात्री १०:०५

अवांतर, पण राहवत नाही. इस्रायलच्या किनाऱ्यावरची ईनोथेरा ड्रुमोंडी घेऊन तेल अवीवच्या संशोधकांनी प्रयोग केला होता, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मधमाशीच्या गुणगुणण्याचा आवाज ऐकवला की तीन मिनिटांत फुलातला मध अधिक गोड होतो. साखर १२ ते १७ टक्क्यांवरून २० वर. जास्त वारंवारतेचा आवाज लावला तर काहीच नाही. पाकळ्या म्हणजे जणू कानच.

---

चिवडाप्रेमी | २१ जुलै, रात्री १०:३१

आमच्याकडे हाक मारली तर चहासुद्धा तीन मिनिटांत येत नाही.

---

मर्सीकाठचा | २३ जुलै, रात्री ११:५८

जाऊन आलो. लेक म्हणाली तिलाही यायचं, मग शेजारचे दोन गुजराती मित्र, त्यांची मुलं, थेपले, असा लवाजमा निघाला. भिंग ऑफिसमधल्या एकाकडून उसनं आणलं.

'अ': खोडावर लाल ठिपके, कळ्या लाल, शेंडा लाल, कुक्षी परागकोशांच्या चांगली वर. पाकळी ४.२ सेंमी. ग्लाझिओव्हियाना. डी व्रीजच्या बटाट्याच्या शेतातली नातेवाईक, असं मुलांना सांगितलं. मुलांना बटाटे आवडले.

'ब': काकू, तुम्ही म्हणालात तेच झालं. आधी नुसत्या डोळ्यांनी बघून मी वहीत "ठिपके नाहीत, बिएनिस" लिहून टाकलं होतं. मग लेकीने भिंग हिसकावून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, आहेत की." होते. हिरव्या भागावर, बारीक, पण स्पष्ट. कळ्या हिरव्या, शेंडा हिरवा, कुक्षी परागकोशांत बुडालेली, पाकळी २.३. म्हणजे कॅम्ब्रिका? त्याच वाटेवर पन्नासेक पावलांवर दुसरं झाड होतं, दिसायला अगदी तसंच, पण भिंगातूनही खोड स्वच्छ. ती खरी बिएनिस. दोन्ही शेजारी ठेवून बघता आल्या म्हणून फरक पटला.

'क': लाल ठिपके, लाल पट्ट्यांची निदलं, पाकळी २.८, कुक्षी परागकोशांच्या पातळीत. फॅलॅक्स लिहिलंय, पुढे प्रश्नचिन्हासह.

आणि आता नवं लचांड. 'ड'. शेंडा हिरवा, खोडावर ठिपके, निदलांवर पट्टा आहे पण फक्त उन्हाच्या बाजूला. एका फुलात कुक्षी किंचित वर, त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलात खाली. याचं काय करू?

पराग मात्र कमाल आहेत. बोटाला लागले की कोळ्याच्या जाळ्यासारखी तार निघते.

---

कार्डिफची_काकू | २४ जुलै, सकाळी ९:२०

लेकीला माझ्याकडून शाबासकी आणि पुढच्या वेळी तिच्यासाठी वेगळं भिंग.

'ब' कॅम्ब्रिका, माझ्या हिशेबी नक्की. 'क'चं प्रश्नचिन्ह राहू दे, तेच प्रामाणिक. त्या तारेमुळेच पराग पतंगाच्या सोंडेला गुंडाळले जातात. या कुळाची ती खासियत.

'ड'ला नाव देऊ नका. उन्हाने आलेली लाली धरायची नाही, पट्टा सावलीच्या बाजूलाही हवा. कुक्षी निदान पाच फुलांत बघा, ताज्या, त्याच संध्याकाळी उमललेल्या. सकाळपर्यंत फूल मान टाकतं आणि मापं बदलतात. त्या किनाऱ्यावर सगळ्या एकमेकींत मिसळल्यात, 'कॅम्ब्रिकाचा कुणाशी तरी संकर' इतपतच लिहायची तयारी ठेवा. झाडाची जागा मात्र नोंदवून ठेवा. सप्टेंबरात बोंडं धरली की त्यांच्यावरचे केस बघू: नुसते, ठिपक्यांचे, की टोकाला चिकट थेंब असलेले. राखीव क्षेत्र आहे, फांदी तोडून घरी आणू नका.

---

येनावासी | २४ जुलै, सकाळी ११:४५

'ड'च्या शेजारी जमिनीलगत पानांचे चपटे झुबके दिसतात का, तेही बघा. यांची पहिल्या वर्षी नुसती पानं, फुलं दुसऱ्या वर्षी. झुबके असतील तर पुढच्या जुलैत 'ड'ची मुलंच उभी असतील. सगळी 'ड'सारखी निघाली तर मी म्हणालो तसं वऱ्हाड. वेगवेगळी निघाली तर काकूंची वही जाड होईल.

चिवडाप्रेमींसाठी: त्या झुबक्याचं मूळ जर्मनीत पूर्वी भाजी म्हणून खात. शिजल्यावर लालसर होतं म्हणून नाव शिंकनवुर्त्सेल, हॅमचं मूळ.

---

चिवडाप्रेमी | २४ जुलै, दुपारी १२:०२

शाकाहारी हॅम. कोकणस्थांना कळवा.

---

पानलवंग | २४ जुलै, दुपारी २:१५

येनावासी, तुमचं वऱ्हाड मी उसनं घेते आहे. निवृत्त झाले तरी शनिवारी चार मुलं घरी येतात. आणि मर्सीकाठचे, मी सप्टेंबरात मुळशीला खाचरात उतरणार आहे, तेव्हा पानलवंगांचे फोटो याच धाग्यावर टाकते. एकाच कुळाची बोंडं दोन्हीकडची शेजारी लावून बघू.

---

मर्सीकाठचा | २४ जुलै, रात्री ९:५०

मॅडम, नक्की टाका. 'ड'शेजारी काठी रोवता येत नाही, म्हणून तिथल्या तुटक्या कुंपणाचे खांब मोजून ठेवलेत: वाटेपासून सातवा. झुबकेही आहेत, सहा.

आणि आज खारी दिसल्या. दोन.